कललेली भेंडी, ताठ गुलमोहर

झाडं ठोकून बघणं ही माझी नोकरी होती. ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटतं, म्हणून आधीच सांगून टाकते. पालिकेच्या उद्यान खात्यात मी झाडांच्या तपासणीचं काम केलं. माझ्या पिशवीत कायम एक लाकडी हातोडी, एक टोकदार सळई आणि एक खुरपं असायचं. हातोडीने खोडावर ठोकायचं आणि कान लावायचा. भरीव झाड बंद दारासारखं वाजतं, आतून पोखरलेलं रिकाम्या डब्यासारखं. सळई बुंध्याशी खुपसून माती कुठे भुसभुशीत झालीय ते बघायचं, खुरप्याने उकरून मुळं कुठल्या अंगाला गेलीत ते शोधायचं आणि मग मत द्यायचं, ठेवा किंवा काढा. परवानग्या, समिती, नोटिसा हे सगळं त्यानंतर. भाईंदर पूर्वेला लोक मला झाडवाल्या मॅडम म्हणायचे. दूधवाला, पेपरवाला, तशी मी झाडवाली.

झाडांच्या दृष्टीने आमची जमीन म्हणजे शिक्षाच. निम्मं गाव मिठागरांवर आणि भातखाचरांवर भराव टाकून उभं राहिलंय. वर हातभर मुरूम, खाली तोडलेल्या इमारतींचा राडारोडा आणि त्याच्याखाली खारट चिखल. त्यात रोप लावायचं आणि मंत्र्यांच्या हस्ते पाणी घालायचं. मंत्री गेले की पानांची टोकं करपायला लागतात. पण काही झाडं टिकतात, आणि ती कशी टिकतात हे बघणं हाच माझ्या नोकरीतला खरा पगार होता. एखादं झाड अंगात आलेलं मीठ जुन्या पानांत साठवतं आणि ती पानं गाळून टाकतं. काँक्रीटने गळ्यापर्यंत आवळलेलं झाड दोन लाद्यांमधल्या फटीतून मूळ सोडतं आणि ते मूळ गटाराच्या ओलीच्या वासाने इमारतीला वळसा घालून जातं. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक बदाम होता. त्याची अर्धी बाजू पानगळीत उघडी व्हायची आणि अर्धी हिरवीच राहायची. त्या हिरव्या बाजूला रस्त्यावरचा मोठा दिवा होता. दिव्याखालच्या फांद्यांना वाटायचं, अजून दिवस मोठाच आहे!

एकदा एक क्लासवाले सर तक्रार घेऊन आले. "मॅडम, झाडाने माझा बोर्ड घेतला." मी जाऊन पाहिलं तर पिंपळाच्या खोडाला त्यांनीच कधीतरी ठोकलेला पत्रा झाडाने तीन बाजूंनी गिळला होता. बाहेर फक्त 'गणित' एवढंच शिल्लक होतं. त्यांना बोर्ड परत हवा होता. मी म्हटलं, "सर, आता तो झाडाचा झाला." मग त्यांना समजावलं, आज तुम्हालाही सांगते, कारण पुढच्या गोष्टीला ते लागेल. आपली जखम भरून येते, तशी झाडाची येत नाही. जिथे इजा झाली, त्या भागाभोवती झाड आतून भिंत घालतं आणि बाहेरून नवं लाकूड वाढवतं. जखम तशीच आत राहते. झाड बरं होत नाही, ते जखमेला वळसा घालून मोठं होतं.

आता ती गोष्ट.

दोन हजार सात-आठच्या सुमारास, एप्रिलमध्ये, गोडदेवातल्या एका सोसायटीची तक्रार आली. फाटकापाशी भेंडीचं झाड धोकादायक झालंय, तोडून द्या. भेंडी म्हणजे भाजीची नव्हे. खाडीकाठी आपोआप उगवणारं हे झाड, पिंपळासारखी पानं आणि सकाळी पिवळी, संध्याकाळी लालसर होणारी फुलं. मी गेले तर फाटकाच्या डाव्या अंगाला ही भेंडी रस्त्यावर इतकी कललेली होती की तिच्याखालून जाताना माणसं मान वाकवत होती. वाकवण्याची गरज नसताना. फाटकाच्या उजव्या अंगाला एक गुलमोहर होता, सरळ, देखणा, छत्रीसारखा पसरलेला. त्याच्या सावलीत सकाळी शाळेच्या बसची मुलं उभी राहायची.

सोसायटीचे सेक्रेटरी दळवी माझी वाट बघत होते. मूळचे रत्नागिरीकडचे, विमा कंपनीत नोकरी, परळच्या खोलीतून इथे आलेले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांच्याबरोबर तिसऱ्या मजल्यावरचे मेहताभाई होते. भेंडीची एक फांदी त्यांच्या खिडकीच्या ग्रिलला लागत होती.

"मॅडम, रोज सुबह उठता हूँ तो लगता है ये मेरे बेडरूम में आ गया," मेहताभाई म्हणाले. "कभी भी गिरेगा. लिख दो."

भेंडीच्या बुंध्याशी टोपली मांडून एक म्हातारी सुकट आणि बोंबील विकत बसली होती. तिला सगळे यसूबाय म्हणायचे. गोडदेव गावठाणातली. ती माझ्या हातोडीकडे बघत होती.

"तोडनार काय गं बाय?"

"बघते आधी."

"बघ, बघ. ही बिल्डिंग नव्हती तवा ही सरल व्हती. बिल्डिंग उठली, हिचा ऊन गेला. मंग ती रस्त्याकडं झुकली. पन पडली न्हाय कदी."

मी ठोकून पाहिलं. खालपासून वरपर्यंत बंद दार. मग कलाच्या उलट्या बाजूची, म्हणजे कुंपणाच्या भिंतीकडची माती उकरली. तिथे मनगटाएवढी, काही तर पोटरीएवढी मुळं जमिनीत ताणून गेलेली होती. हळूहळू कलत गेलेलं झाड असंच करतं. ज्या बाजूला कलतं त्याच्या उलट बाजूला जाड मुळं धाडतं आणि खोडाच्या वरच्या अंगाला जादा लाकूड बांधतं, म्हणजे स्वतःलाच दोराने मागे ओढून धरतं. वीसेक वर्षं ऊन शोधत कललेल्या झाडाने पडू नये याची तयारीही वीसेक वर्षं केलेली असते. भीती वाटावी ती कालपर्यंत सरळ असलेलं आणि आज कललेलं झाड बघून.

दळवींना मी हे सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते, पण चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की बाईंनी काम टाळलं. मी सामान आवरून निघाले आणि गुलमोहराखालून जाताना पाय थबकले.

तो फुलला होता. नेहमीपेक्षा लवकर आणि नेहमीपेक्षा फार. पान दिसत नव्हतं इतका.

"काय फुललाय यंदा!" दळवी मागून म्हणाले. आवाज एकदम बदलला होता. "आमच्या मिसेसनी लावलेला. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा सगळा उघडा माळ होता. टँकरचं पाणी यायचं, दोन दिवसांनी एकदा. त्यातलं भांडी विसळलेलं पाणी ही याला घालायची. लोक फोटो काढून नेतात मॅडम."

झाड कधी कधी आनंदाने फुलतं आणि कधी कधी घाबरून. मुळांवर संकट आलं की काही झाडं असतील नसतील ती फुलं-शेंगा काढून मोकळी होतात. बी तरी मागे राहावं म्हणून. मी शेंड्याकडे पाहिलं. भिंतीकडच्या वरच्या काही फांद्या वाळल्या होत्या. खाली पाहिलं. रस्त्याच्या बाजूला बुंध्यापासून थोड्या अंतरावर जमिनीला एक बारीक भेग होती, चंद्रकोरीसारखी, बुंधा हलला की माती फाटते तशी. आणि भिंतीच्या बाजूला, बुंध्यापासून हातभरावर, सिमेंटचा एक लांब पट्टा होता.

"हे काय?"

"पाण्याची लाइन!" दळवी अभिमानाने म्हणाले. "गेल्या वर्षी घेतली. इतकी वर्षं टँकरवर काढली, शेवटी मीच मागे लागलो. कुठे कुठे खेटे घातले विचारू नका. खणायचं काम चाललं होतं तेव्हा सुट्टी काढून इथे उभा होतो मी. पाणी आलं त्या दिवशी सगळ्या मजल्यांवर पेढे वाटले."

मी पट्ट्यापासून बुंध्यापर्यंतचं अंतर हाताने मोजलं. शेवटी म्हटलं, "दळवीसाहेब, भेंडी राहू द्या. मला याची काळजी वाटतेय."

त्यांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते हसले. मेहताभाई तर मोठ्याने हसले. "जो गिर रहा है वो रखो, जो सीधा खड़ा है वो काटो? क्या मॅडम!"

माझ्या नुसत्या म्हणण्यावर कुणी झाड तोडू नये, हे मलाही मान्य होतं. म्हणून एका रविवारी, वारा पडलेला असताना, मी आमचे झाडावर चढणारे लक्ष्मणभाऊ आणि खात्यातली चार माणसं घेऊन आले. पद्धत अगदी साधी आहे. झाडाला उंचावर दोर बांधायचा, खालून हळूहळू ओढायचं आणि बुंध्याशी जमीन हलते का ते बघायचं. जमिनीची हालचाल डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मी दळवींच्या मिसेसना विचारलं, "एक ताट मिळेल का? स्टीलचं, काठाचं." सुलभाताई ताट घेऊन खाली आल्या. बुटक्या, चष्मेवाल्या, पदर खोचलेला. बुंध्याशी माती सारखी करून मी ते ताट ठेवलं आणि काठोकाठ पाणी भरलं.

पहिल्यांदा भेंडी. लक्ष्मणभाऊ वर चढले, दोर बांधला. माणसांनी कलाच्याच दिशेला ओढलं. फांद्या हलल्या, पानं सळसळली, मेहताभाई दोन पावलं मागे सरले. ताटातल्या पाण्यावर नुसती सुरकुती आली. थेंबही सांडला नाही.

यसूबाय टोपलीपाशीच बसून राहिली होती. "उठ गं म्हातारे," कुणीतरी ओरडलं. "कशाला उठू?" ती म्हणाली.

मग गुलमोहर. तेच ताट, तोच दोर, तीच माणसं. "सावकाश," मी म्हटलं. त्यांनी जेमतेम दोर ताणला असेल. फुलांचा सडा पडला आणि ताटाच्या एका काठावरून पाणी वाहून गेलं. दोर सोडला तसं उरलेलं पाणी परत उलट्या काठाला आलं आणि तिकडूनही सांडलं.

लहान मुलं फुलं गोळा करायला धावली, तेव्हा एका आईने त्यांना एवढ्या जोरात मागे ओढलं की एक मूल रडायला लागलं.

दळवी त्या ताटाकडे बघत होते. "असं कसं झालं?" त्यांनी विचारलं. "याला कुणी हातसुद्धा लावलेला नाही."

सांगणं भागच होतं. "या बाजूची मुळं तुटलीत. गेल्या वर्षी, चर खणला तेव्हा."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्या सिमेंटच्या पट्ट्याकडे. खाली वाकून त्यांनी पट्ट्यावरून हात फिरवला, जणू तो तिथे आहे याची खात्री करून घेत होते. खणणाऱ्यांना झाडाचं काही पडलेलं नव्हतं, आणि दळवींना मुळांचं काही माहीत नव्हतं. कुणाला असतं? झाडाचा जमिनीखालचा पसारा वरच्यापेक्षा मोठा असतो आणि बहुतेक सगळा हातभर खोलीतच असतो, हे मलाही शिकावंच लागलं होतं.

"फांद्या कमी करू," ते म्हणाले. "भार कमी होईल. हळूहळू नवी मुळं येतील. येतात ना?"

"येतात."

"मग?"

या 'मग'चं उत्तर देताना मला आजही अडखळायला होतं. फांद्या ठेवल्या तर पावसाळ्यातला वारा त्या पानांच्या छत्रीत भरणार आणि एका अंगाने मोकळं झालेलं झाड उपटणार. फांद्या काढल्या तर वारा धरणार नाही, पण नवी मुळं वाढवायला लागणारं अन्न पानंच तयार करतात. पानं काढली की झाड उपाशी. शिवाय गुलमोहराची जाड फांदी कापली की तिथून कूज आत शिरते. झाडाला वेळ हवा होता, चार-सहा पावसाळ्यांचा तरी. आणि जून तोंडावर आला होता.

"टेकू देऊ. लोखंडी. खर्च मी करतो."

"बसची मुलं इथेच उभी राहतात, दळवीसाहेब."

"मुलांना दुसरीकडे उभी करू!"

"आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांना?"

ते पायरीवर बसले. इस्त्रीच्या शर्टाची पर्वा न करता. म्हणाले, "म्हणजे मीच मारला." कुणीतरी "नाही हो काका" म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही.

सुलभाताईंनी पुढे येऊन ताट उचललं. त्यातलं उरलंसुरलं पाणी त्यांनी झाडाच्या बुंध्यात ओतलं. सवयीने. मग नवऱ्याजवळ येऊन म्हणाल्या, "तुम्ही पाणी आणलंत. घराघरातल्या बायकांची कंबर वाचवलीत. आता उगाच काहीतरी मनाला लावून घेऊ नका." आणि माझ्याकडे वळून, "मॅडम, मुलं रोज उभी राहतात इथे. काढा."

"सुलभा, अगं..."

"मी लावलाय ना? मग मी सांगते."

परवानगी मिळेपर्यंत मे संपत आला. शाळेला सुट्टी लागेपर्यंत मुलांची बस पुढच्या कोपऱ्यावर थांबवली आणि झाडाभोवती दोरी बांधून ठेवली. तोडायच्या दिवशी गुलमोहर अजून लाल होता. वरून एकेक फांदी दोराला बांधून सावकाश खाली घेतली. असं झाड एकदम आडवं करता येत नाही, बाजूला माणसं राहतात. लोक बाल्कन्यांमधून बघत होते. मेहताभाई खाली येऊन दळवींच्या शेजारी उभे राहिले. त्या दिवशी ते नुसता दळवींच्या खांद्यावर हात ठेवून होते. त्यांच्या ग्रिलला लागणारी भेंडीची फांदी आम्ही त्याच दिवशी नीट कापून दिली.

बुंधा काढायला दुपार झाली. सिमेंटचा पट्टा फोडून, पाइपला धक्का न लावता उकरायचं होतं, म्हणून मी स्वतः खुरपं घेऊन खाली बसले. अपेक्षेप्रमाणेच होतं. चराच्या बाजूला तुटलेल्या मुळांची टोकं काळी पडली होती, बोट लावलं की भुगा. मला जरा हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू? आपला निर्णय बरोबर ठरला की बरं वाटतं.

मग पाइपच्या खालची माती ओढली आणि हात थांबला.

एका तुटलेल्या मुळाच्या काळ्या टोकाच्या मागून, जिथे झाडाने आतून भिंत घातली होती तिथून, नवी मुळं फुटली होती. पिवळसर, बोटाएवढी, ताजी. चार-पाच असतील. पाइपचा सांधा जरा पाझरत होता, त्या ओलीवर जगून ती पाइपखालून पलीकडे निघाली होती. ज्या पाइपसाठी तुटली त्यालाच धरून.

दळवी माझ्या डोक्यावर उभे होते. त्यांनी पाहिलं.

"ही नवी आहेत?"

"हो."

"म्हणजे तो सावरत होता."

"हो."

"जगला असता?"

त्यांना बरं वाटेल असं बोलायची माझी इच्छा होती. पण खड्डा समोर उघडा होता. "चार-सहा पावसाळे मिळाले असते तर कदाचित," मी म्हटलं. "हा एक पावसाळा निघाला असता की नाही, ते मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकत नाही."

त्यांनी मान हलवली. मग हळू आवाजात म्हणाले, "बुजवून टाका लवकर. आणि मॅडम, सुलभाला यातलं काही सांगू नका. तिला वाटेल घाई केली."

मी हो म्हटलं.

तो पावसाळा जोराचा गेला. आमच्या हद्दीत किती झाडं पडली, फायर ब्रिगेडचे फोन, तुटलेल्या तारा, गाड्यांवर आडवे पडलेले सोनमोहर. गुलमोहर त्यात पडला असता का, हा विचार प्रत्येक वादळी सकाळी माझ्या मनात येऊन गेला. आम्ही झाडं तपासणाऱ्यांचं हे असंच असतं. ठेवलेलं झाड पडलं तर सगळ्या गावाला कळतं आपण चुकलो. तोडलेल्या झाडाबाबत आपण चुकलो की नाही, हे कधीच कुणाला कळत नाही. आपल्यालासुद्धा.

ऑगस्टमध्ये भेंडी बघायला पुन्हा त्या सोसायटीत गेले. ती ठीक होती आणि यसूबाय प्लास्टिकचा कागद पांघरून तिच्याखाली बसली होती. सुलभाताईंनी वरून हाक मारली आणि चहाला घरात नेलं. दळवी कुठे दिसले नाहीत. कपात चहा ओतताना त्या माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "त्या दिवशी मी इथे खिडकीत होते. तुम्ही आणि हे खड्ड्यात वाकून काहीतरी बघत होतात. नंतर ह्यांना विचारलं, तर म्हणाले, सगळं कुजलेलं होतं."

मी कप उचलला.

"नवी मुळं होती ना?"

न सांगण्याचा शब्द मी त्यांच्या नवऱ्याला दिला होता. पण ज्या बाईने भांडी विसळलेल्या पाण्यावर झाड वाढवलं, तिच्याशी खोटं बोलायला माझी जीभ वळेना. "होती," मी म्हटलं.

"मला वाटलंच." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा घातला. "चिवट होता तो." जरा थांबून म्हणाल्या, "पण ह्यांना कळू देऊ नका हं, मला माहीत आहे ते. त्यांना वाटतं, मला सुखात ठेवलंय."

चहा घेऊन मी खाली उतरले. पाऊस उघडला होता. दळवी फाटकाच्या आत छत्री मिटून उभे होते. भिंतीपासून ते सावकाश पावलं टाकत आतल्या बाजूला येत होते, मधेच थांबत होते, मागे वळून पाइप कुठून गेलाय याचा अंदाज घेत होते, आणि पुन्हा एक पाऊल पुढे टाकत होते. मला बघून त्यांनी छत्रीचं टोक चिखलात रोवलं.

"मॅडम," ते म्हणाले, "रोपाचा खड्डा इथे घेतला तर पुरेसं लांब होईल?"